फुंकर

“रेडिएटरचा पंखा फिरत नाही, तरी इंजिनच्या तापमानाचा काटा लालपर्यंत चढून आपोआप खाली येतो,” जुन्या गाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या.

“आपोआप काही होत नसतं, ताई!” गॅरेजचा मिस्त्री हसला. मघाशी रेडिएटरच्या वाफेनं त्याचा अंगठा चांगलाच पोळला होता. त्यानं मोटर जळालेला तो पंखा अख्खाच काढून फरशीवर ठेवला. “करा आता चालू.”

काटा चढत चढत लाल रेघेला टेकला. ताईंचा हात किल्लीकडे गेला, तोच बॉनेटखालून आवाज आला. फू... फू... गरम चहाच्या कपावर कुणी घालावी तशी फुंकर. काटा उतरू लागला.

मिस्त्री वाकला. पंख्याच्या जागी नुसती पोकळी होती. नकळत त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

फुंकर थांबली. मग अगदी हलकेच, त्याच्या पोळलेल्या अंगठ्यावर आली.