दत्तरावांचं मेलबोर्न

छप्पन सालच्या दिवाळीत पंचायतीच्या रेडिओवर मेलबोर्नच्या ऑलिंपिकची बातमी लागली आणि आमच्या बोरीच्या दत्तरावांनी पारावर जाहीर केलं, "आमी मेलबोर्न बघायला जाणार! कुस्त्या हायत, नाटकं हायत, रस्त्यानं इजेवर गाड्या पळायल्यात म्हनं."

काशीला जाणाऱ्याला निघण्याआधी घरोघरी जेवू घालायची गावाची रीत, आणि मेलबोर्न तर काशीहून कितीतरी लांब! महिनाभर दत्तराव रोज एका घरी पुरणपोळी हाणत होते आणि निघायचा मुहूर्त पुढं ढकलत होते. घरी त्यांची बायको कासाबाई एकटीच भाकरी खायची. शेवटी तिनंच मुहूर्त धरला, आणि गावानं हलगी वाजवत दत्तरावांना मोटारीत बसवून दिलं.

दत्तराव उतरले ते थेट जिंतूरला, बहिणीच्या घरी. तिथं पंधरा दिवस लोळून परत आले आणि वेशीपासूनच सुरू झाले, "काय ते मेलबोर्न! काय ते दिवे! अन् मेंढरं तर लय!"

बोलत बोलत घरी पोचले, तर अंगणात सगळं गाव पत्रावळी मांडून बसलेलं. यात्रेहून सुखरूप आलेल्यानं गावाला जेवू घालायचं, हीही रीतच.

दत्तरावांचा चेहरा उतरला. तशी कासाबाईनं तुपाचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली,


"जिंतूरहून वन्सबाईची चिठ्ठी आलीया. गुरुजींकडून समद्यांम्होरं वाचून घेऊ, का वाढायला घेता?"