एका फोनवर दोन सेन्सर

“बाही वर कर गं. मुंगी चावल्यासारखं होतं, बस,” थंडोबा म्हणाले.

“मुंगी तुम्हाला चावून घ्यायला सांगितलीय लेकीने. मला कशाला?” बायको कुरकुरली, पण बाही तिने वर केली.

थंडोबा म्हणजे गल्लीच्या तोंडाशी आईस्क्रीमचं दुकान चालवणारे. नाव दुकानामुळे पडलं आणि स्वभावामुळे टिकलं. प्रत्येक फ्लेवर चाखून बघणं हा त्यांचा धंदा, आणि चाखता चाखता वाटी संपवणं ही त्यांची खोड. शुगर निघाली तशी लेक हात धुऊन मागे लागली. शेवटी तिने दंडाला चिकटवायचे दोन कंपन्यांचे सेन्सर शोधून काढले. घडोघडी बोट टोचायला नको. साखर दिवसभर आपोआप मोजली जाणार आणि आकडे वडिलांच्या फोनवरून थेट तिच्या फोनवर जाणार. दोन्हींतला बरा कुठला, हे एकाच वेळी दोन्ही लावून ठरवायचं. आणि आकडे चढलेले दिसले, की दुकान बंद. तसा शब्दच तिने थंडोबांकडून घेतला होता.

पहिला सेन्सर तिने स्वतः येऊन त्यांच्या डाव्या दंडावर बसवला. दुसरा पार्सलने आला. “हा उजव्या दंडावर लावा,” तिने फोनवर सांगितलं.

तिथेच थंडोबांच्या डोक्यात किडा वळवळला. हा बायकोला लावला तर? तिला ना शुगर ना बीपी, तिचे आकडे नाकासमोर चालणार. एक सेन्सर एक सांगतो आणि दुसरा भलतंच, म्हटल्यावर दोन्हींवरही विश्वास कोण ठेवणार? नवराबायको दिवसभर एकाच दुकानात, रात्री एकाच घरात, फोन दोघांच्या मध्ये. कुणाला पत्ता लागतोय!

“पोटच्या पोरीला फसवायचं, अहो?” बायको म्हणाली.

“फसवायचं कुठे? तिला तुलना करायचीय ना? होऊ दे तुलना! आणि दुकान गेलं तर मी दिवसभर काय करू? तुझं डोकं खाऊ?”

“नको बाई, ते आहे तेवढंच पुरे,” ती हसली. मग पाण्याची बाटली पुन्हा भरून आणली आणि गल्ल्यावर जाऊन बसली.

सेन्सर लागला आणि थंडोबांची झोप उडाली. फोन उघडून आकडे बघायची त्यांची छाती होईना. चाखणं मात्र सुटलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, फ्रीजरचं झाकण वर करायचा आणि त्याच्या आड शेंबड्या पोरासारखा चमचा चाटायचा. चमचा धुताना स्वतःचीच किळस यायची. बायको बघायची आणि पाण्याची बाटली तोंडाला लावायची. दुपारी तिला बसल्या बसल्या डुलकी लागायची. एकदा तिने चॉकलेटच्या जागी कॉफी दिली आणि गिऱ्हाईक उखडलं. “चष्म्याचा नंबर वाढला वाटतं,” ती पुटपुटली, आणि थंडोबांनी तेवढ्यावरूनही तिची चेष्टा करून घेतली.

मग लेकीचा फोन आला.

“बाबा, एक सेन्सर तीनशेच्या वर जातोय आणि दुसरा दीडशेच्या आत. काय खाल्लंत?”

“काही नाही गं. यंत्रंच ती, त्यांचं काय धरून बसतेस!”

बेत फत्ते झाला होता. पण खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. तीनशे! म्हणजे आपल्या चमच्यांचा हिशेब कुणीतरी ठेवतंय तर.

रविवारी लेक बोट टोचून तपासायचं मशीन घेऊनच घरी आली. थंडोबांनी सकाळपासून चमच्याला हात लावला नव्हता. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, बटणं मनगटापर्यंत लावलेली. तिने बोट टोचलं.

“एकशे अठ्ठावीस!” तिचा चेहरा उजळला. “बघा! म्हणजे तो तीनशेवालाच बिघडलेला. आणि मी तुमच्यावर संशय घेत बसले. माझं चुकलं, बाबा.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्यांचा हात हातात घेतला. थंडोबांना मान वर करवेना. लेकीने तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावला.

“तुमचा सेन्सर टाकाऊ आहे. माझ्या वडिलांना मी उगाच खोटं ठरवलं. मी सगळ्यांना सांगणार, हा घेऊ नका म्हणून.”

पलीकडचा माणूस काकुळतीला येऊन माफी मागत होता. त्या बिचाऱ्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

“ठेव तो फोन,” ते म्हणाले. “सेन्सर खरा आहे. खोटा मी आहे.”

“काय बोलताय, बाबा?”

“चोरून खातो मी. रोज. आज तू येणार म्हणून नाही खाल्लं.” त्यांनी खिशातली दुकानाची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. “पार्सलने आलेला सेन्सर माझ्या दंडावर नाहीच. तो तुझ्या आईला लावला, म्हणजे आकडे जुळणार नाहीत आणि तू दोन्ही फेकून देशील. तिला बोलू नकोस, तिने माझ्यापायी केलं. ते तीनशे माझे आहेत, पोरी. दुकान बंद कर.”

लेक चिडली नाही. किल्लीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिने फोन उघडला, दोन्ही आलेख पुन्हा एकदा नीट पाहिले, आणि हळूच आईकडे वळली.

“बाबा,” ती म्हणाली, “तीनशे तर पार्सलवालाच दाखवतोय.”