हिरडीवरची गाठ

झाडीपट्टीच्या नाटकांत गाणाऱ्या निर्मलाताई गेडाम संध्याकाळी वडशाच्या दातांच्या दवाखान्यात आल्या. दाढ काढूनही वरच्या हिरडीवरची गाठ गेली नव्हती. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी कॅन्सरचा संशय घेऊन अर्धा जबडा काढावा लागेल, असं सांगितलं होतं.

“जबडाच गेला तं मी गाईन कशी, मॅडम?”

डॉ. नाझनीन पठाण यांनी पेन्सिलीएवढी प्रकाशकांडी गाठीला टेकवली. काही टोचलं नाही, कापलं नाही. गाठीतल्या जिवंत पेशी पडद्यावर दिसू लागल्या, आणि जगभरच्या रुग्णांनी इतरांसाठी ठेवलेल्या पेशींच्या ठशांशी यंत्र त्यांची तुलना करू लागलं. एरवी उत्तर लगेच येई. आज बराच वेळ काहीच जुळेना. शेवटी एक ठसा जुळला, पेरू देशातल्या एका कोळिणीचा.

“ताई, हा लिम्फोमा आहे, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तोंडात फार क्वचित होतो. तुमच्यासारखा प्रकार बहुधा औषधांनीच विरघळतो; पेरूतल्या या बाईचाही तसाच विरघळला. जबडा काढायची गरज नाही.”

निर्मलाताईंचा विश्वास बसेना. “ते बाई जिवंत आहे?”

“आहे ना. कोणी विचारलं तर बोलेन, असंही तिने कळवून ठेवलंय. तिकडे आत्ता सकाळ असेल.”

पडद्यावर उन्हाने रापलेला चेहरा आला. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती. कोळिणीने निर्मलाताईंच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, मग बोटाने आपला ओठ वर उचलून तोंड मोठं उघडलं. निर्मलाताईंनी पडद्याजवळ वाकून तिचा वरचा जबडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतला.