चौथं ॲप

टीव्ही लावला की होम स्क्रीनवर जाहिरातींचा बाजार भरायचा, म्हणून एरवी महिनोन्महिने न फिरकणारी लेक दर रविवारी येऊन बाबांसाठी दुसरं होम स्क्रीन ॲप निवडत होती. पहिल्याची अक्षरं म्हणे बारीक, दुसऱ्यात बातम्या सापडेनात. आजच्या तिसऱ्यात चारच ठसठशीत चौकोन होते, तरी बाबांचं पालुपद तेच, "मला मेल्याला काय जमतंय. पुढच्या रविवारी बघू." जन्मभर मनगटी घड्याळं खोलून जोडणारा माणूस रिमोटपुढे हात टेकत होता. लेक चहा टाकायला गेली आणि दाराआडून डोकावली. बाबांनी झरझर बटणं दाबून बातम्या लावल्या, मथळे वाचले आणि तिची चाहूल लागताच त्या बंद करून रिमोट उलटा धरला. "चौथं एक आहे," कप देत ती म्हणाली, "पण शिकायला पुष्कळ रविवार लागतील." "मग तेच टाक," बाबा म्हणाले.