आखलेली वाट

तळ्याच्या जुन्या पायऱ्यांजवळ, करवंदाच्या जाळीआड सुदेश उकिडवा बसला होता. डास फोडून खात होते आणि त्याला हूं की चूं करता येत नव्हतं. पायात पुण्याच्या ऑफिसचे बूट, पाठीवर सॅक. रात्रभर बसमध्ये आंबलेलं अंग घेऊन तो कसालला उतरला, रिक्षा करून धामापुरात आला आणि घरी न जाता थेट इथे येऊन बसला. आपल्याच गावात चोरासारखं शिरावं लागतंय, याचं त्याला वाईट वाटत होतं. दोष अर्थातच वर्षालीचा होता.

वर्षाली त्याची बायको. पुण्यात जागा लहान आणि गावी आई एकटी, म्हणून लग्नानंतर त्याने तिला इथेच ठेवलं होतं. चिपळूणच्या एका शाळेत तिला नोकरी चालून आली, ती त्याने एका वाक्यात मोडीत काढली. वर समजूत म्हणून घड्याळ आणून दिलं. साधंसुधं नव्हे, थेट उपग्रहाशी बोलणारं, धावपटूंचं. रोज सकाळी फेरी मार, तब्येत सुधारेल, म्हणाला. तिची तब्येत चांगली ठणठणीत होती.

फेरीची वाट त्याने पुण्यात बसून नकाशावर आखली. घर, भगवतीचं देऊळ, तळ्याचा काठ, परत घर. निघताना एक बटण दाबायचं आणि आल्यावर घड्याळ घरच्या कॉम्प्युटरजवळ ठेवायचं. चाललेल्या वाटेची रेघ आपोआप पुण्यात त्याच्या पडद्यावर उमटायची. वाट सोडली की घड्याळ पिकपिक करायचं. न सोडताही करायचं, कारण आभाळातून आखलेली ती वाट शेजारच्या शंकरच्या गोठ्यातून जात होती.

“म्हशीच्या पाठीवरसून जाव काय मी?” वर्षालीने फोनवर विचारलं होतं.

पोफळींच्या दाट सावलीत तर घड्याळाची मतीच गुंग व्हायची. एकदा रेघ तळ्याच्या मधोमध गेली. सुदेशने त्या रात्री “तळ्यात काय करत होतीस?” असं विचारून तिला रडकुंडीला आणलं. पुढे एकदा रेघ एसटीच्या थांब्यापर्यंत गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. या वेळी मात्र घड्याळ खरं बोलत होतं.

“थांब्यावर काय काम होतं?”

“काय नाय. जाणाऱ्यो गाड्यो बघीत होतंय.”

हे उत्तर सुदेशच्या डोक्यात गेलं. त्याने अबोला धरला. माफी मागेपर्यंत मी तिच्याशी बोलणार नाही, तिला फोनवर बोलावूही नकोस, असं आईला बजावलं.

औषध लागू पडलं. बायको सुतासारखी सरळ आली. रेघेला फाटा नाही, एसटीचा थांबा नाही, तक्रार नाही. तो रोज आईला फोन करायचा आणि आई सांगायची, “बरी आसा ती. आता बरीच आसा.” मग गुडघ्यांचं रडगाणं सुरू व्हायचं. हल्ली लय दुखतत, जिना चढवत नाय. सुदेश तेल चोळायला सांगून फोन ठेवायचा. बायकोला वळण लावल्याच्या समाधानात त्याला झोपही छान लागायची.

मग एक नवीच खोड दिसू लागली. चाल मंदावली होती आणि रोज या जुन्या पायऱ्यांपाशी रेघ थांबायची. इथे देऊळ नाही, विहीर नाही, कुणाचं घर नाही. तरणीताठी बाई इथे रोज इतका वेळ एकटी कशाला बसेल? कुणीतरी भेटायला येत असणार. हा किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. सुदेशचं जेवण तुटलं, कामात चुका होऊ लागल्या. शेवटी कुणालाही न कळवता त्याने बस पकडली.

“कोण रे थंय?”

म्हशी घेऊन निघालेला शंकर जाळीत डोकावत होता. “सुदेश? तू कधी इलंस?”

“आत्ताच.” सुदेश दबक्या आवाजात म्हणाला. “सकाळचो हयसर कोण येता रे?”

शंकरने पायऱ्यांकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे. “मी म्हशींका बघतंय. माणसांका नाय.”

“खरां सांग.”

“घराक जा मरे. गरम पेज घे. हय किरडू-बिरडू आसता, चावात खंयतरी.”

एवढं बोलून तो चालू लागला आणि उगाचच मोठमोठ्याने म्हशींवर ओरडत गेला. सुदेशला ते झोंबलं. म्हणजे साऱ्या गावाला ठाऊक आहे आणि अंधारात आहे तो एकटा नवराच. त्याचे डोळे भरून आले. त्याला वर्षालीचा राग आला, तिच्यासोबतच्या त्या अनोळखी माणसाचा तर त्याहून जास्त.

पोफळीतून पिकपिक ऐकू आली. थांबली, पुन्हा आली, जवळ आली. मग पायरीवर कुणीतरी टेकल्याचा आवाज झाला. सुदेशने श्वास रोखून दुसऱ्या पावलांची वाट पाहिली. ती येईनात. अखेर त्याचा धीर सुटला आणि शर्ट काट्यांत फाडून घेत तो बाहेर झेपावला.

“खंय आसा तो?”

पायरीवर काशीबाई बसली होती. त्याची आई. घड्याळ तिच्या मनगटावर बांगड्यांच्या वर चढवलेलं होतं आणि दोन्ही हातांनी ती गुडघे दाबत होती. लेकाकडे बघून ती फारशी दचकलीही नाही.

“आये, तू? आणि वर्षाली खंय आसा?”

“चिपळूणाक, शाळेत,” काशीबाई म्हणाली. “तू अबोलो धरलंस, त्याच दिसा मी तिका गाडयेत बसयलंय.”