कागदाचं माप

“मुलासाठी ना? मग हेच न्या मावशी, डोळे झाकून.”

टेलरबाईंनी डोळे झाकले नाहीत. गळ्यातला चष्मा वर चढवला. काउंटरवरच्या ग्राफिक्स कार्डाला तीन पंखे होते आणि कडेने दिव्यांची झालर. दुकानदाराने गुणगान सुरू केलं. नवी पिढी, सेकंदाला इतक्या फ्रेम, असला वेग. आवाज खणखणीत, जागा घेत घेत बोलायचा.

बाईंनी ते मनापासून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “छान गाता. आता अर्थ सांगा.”

शेजारी त्यांची नणंद पिशवी छातीशी धरून उभी होती. शिवणाचं दुकान दोघी मिळून चालवायच्या; बेतणं वहिनीचं, काज-बटणं नणंदेची. ती पुटपुटली, “वहिनी, अगं, त्या पोरांनी सांगितलं ना, तुझा कॉम्प्युटर अडखळतो, शनिवारच्या ऑनलाइन सामन्यात बाहेर बस म्हणून. मग बसावं माणसानं.”

“बसायचंच असतं तर घरी खुर्च्या काय थोड्या आहेत, वन्सं?”

दुकानदार आता कुठे चमकला. “म्हणजे खेळतं कोण?”

“मी. पाच जणांची टीम आहे आमची. दोन वर्षं झाली.”

त्याने हसू गिळलं, पण सगळं गिळता आलं नाही. “मग तर एखादं साधं कार्डही चालेल तुम्हाला.”

“मुलगा बसणार असला तर तीन पंखे, आणि मी बसले तर साधं? समोर कोण बसलंय ते कार्डाला कळतं होय?”

बाईंनी नणंदेच्या पिशवीतून खाकी कागदाची गुंडाळी काढली. घरच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधल्या जागेचं माप घेऊन, पोलक्याचा कागद कापावा तसा तो कापला होता. काउंटरवर पसरून त्यावर त्यांनी ते कार्ड ठेवलं. कार्ड दीड इंच बाहेर आलं.

“आतली एक पट्टी कापली की बसेल,” दुकानदार म्हणाला.

“कपडा बसत नाही म्हणून मी आजवर गिऱ्हाईक कापलेलं नाही.”

“मग कॅबिनेट नवीन घ्या. पण कार्ड हेच. याला तोड नाही.”

“बघू की. ते वरच्या फळीवरचं पण काढा.”

ते आधीच्या पिढीतलं होतं, दोनच पंख्यांचं. खोक्यावर धूळ. पण मेमरी नव्याहून जास्त, आठ जीबीच्या जागी बारा, आणि घरचा पॉवर सप्लाय त्याला पुरत होता. सहा ठिकाणच्या चाचण्या वाचून बाईंनी हे वहीत उतरवून आणलं होतं. भिंतीवर पाटी होती: खोका उघडला की माल परत नाही. म्हणूनच बाई म्हणाल्या, “तुमच्याकडची नमुन्याची दोन्ही कार्डं इथल्या कॉम्प्युटरला आळीपाळीने लावा. खेळ माझा, पडद्याचं मापही माझं.”

आधी तीन पंखेवालं लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाच्या फ्रेमचा आकडा आला, एकशे बारा. “बघा!” दुकानदाराने हात पसरले.

बाईंनी माऊस ओढून घेतला आणि सेटिंग उघडलं. चित्राचा दर्जा ‘मध्यम’वर होता. “हे कुणाचं माप घेतलंत?” त्यांनी तो ‘उच्च’वर नेला आणि खुर्ची पुढे ओढली.

वहिनीला खेळताना नणंद पहिल्यांदाच बघत होती. आजवर बंद दारामागून नुसती टकटक ऐकू यायची. पडद्यावर धूर उठला, दहा जण एकदम धावून आले, आणि ऐन वेळी चित्र अडकलं. सुटलं. पुन्हा अडकलं. आकडा अठ्ठावीसवर आपटला होता.

“खालचा आकडा काय बघता, सरासरी बघा,” दुकानदार म्हणाला. “सरासरी नव्वदच्या वर आहे.”

“दादा, शिवण सरासरीने उसवत नाही. काखेत उसवते. जिथे ताण, तिथे. लावा दुसरं.”

दोन पंख्यांचं कार्ड लागलं. तोच धूर, तेच दहा जण. सरासरी ऐंशीच्या आसपास, म्हणजे पहिल्याहून कमीच. पण गर्दीतही आकडा चौसष्टच्या खाली उतरेना. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. बाईंची बोटं मशीनवर चालतात तशी चालत होती, न बघता.

“मागे! अगं वहिनी, मागे आहे मेला!” नणंद ओरडली. पिशवी खाली पडली होती.

मागचा आडवा झाला. दुकानदार पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने ते कार्ड काढून खाकी कागदावर ठेवलं. चारी बाजूंनी शिलाईपुरती जागा उरली.

“हेच द्या,” बाई म्हणाल्या. “नवं, सीलबंद.”

तेवढ्यात फोन वाजला. टीमच्या कप्तानाचा मेसेज होता: मावशी, शनिवारी तुमच्या जागी दुसरा खेळाडू पक्का करतोय, चालेल ना?

बाईंनी अंगठ्याने सावकाश टाइप केलं. नणंदेने खांद्यावरून वाकून वाचलं: नाही चालणार. मी येतेय.

नणंदेने पिशवी उचलली. कागद गुंडाळायला घेतला आणि थांबली. त्यांच्या दुकानात माप बरोबर बसलं की कागदाच्या कोपऱ्यात गिऱ्हाईकाचं नाव पडायचं आणि त्याखाली कपडा द्यायचा वार. तिने अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली, कागद काउंटरवर सरळ केला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं,

वहिनी.

आणि त्याखाली, शनिवार.