कोण सांगेल?

वर्ग हसून हसून लोळत होता. शिक्षक व्हायचं तर परक्या शाळेत जाऊन एक तास घेऊन दाखवावा लागतो, आणि रेडिओ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पोराचा तास असा रंगला होता की विचारू नका. "चंद्र रोज आकार का बदलतो? कोण सांगेल?" असं तो विचारायचा आणि टाळी वाजवून स्वतःच सांगून मोकळा व्हायचा. मागच्या बाकावर तपासायला बसलेल्या बाईसुद्धा दोनदा हसल्या.

रेडिओ हे नाव घरच्यांनीच ठेवलेलं. हा सुरू झाला की समोरच्याला जांभई द्यायलाही सवड मिळत नाही, असं आई म्हणायची. हिशेबाचं शिक्षण त्याने अर्ध्यातच सोडलं. आकडे काय टाळ्या वाजवतात? मग सगळे म्हणाले, एवढं तोंड चालतंय तर मास्तर हो. वडील तेवढे म्हणाले, "आता हे शेवटचं." आज नापास झाला असता, तर कुठल्या तोंडाने घरी जाणार होता?

तास सुटला. घाम पुसत तो बाईंपुढे उभा राहिला. कौतुक ऐकायला कान अगदी टवकारलेले.

"पास आहेस," बाई म्हणाल्या. "पण खिडकीजवळच्या मुलीचं काय?"

"कुठली मुलगी, बाई?"

"अख्खा तास हात वर होता तिचा. एक दुखला की दुसरा. तिच्या वर्गशिक्षिका सांगत होत्या, वर्षभरात ती वर्गात एक अक्षर बोललेली नाही."

रेडिओचा चेहरा खर्रकन उतरला. हसणारी तोंडं त्याला आठवत होती. ती मुलगी काही केल्या आठवेना. लाजेने कानाच्या पाळ्या तापल्या, आणि पास झाल्याचा आनंद कुठच्या कुठे गेला.

बाईंनी खिडकीतून बोट दाखवलं. ती बाहेर नळावर पाणी पीत होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. कुठून सुरुवात करावी, हे त्याला जन्मात पहिल्यांदाच कळेना.

"काही विचारायचं होतं का गं तुला?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. ओल्या हाताने ओठ पुसले. तो थांबला. बराच वेळ थांबला.

"तुम्हीच म्हणालात ना सर, कोण सांगेल?" ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही खरंच विचारताय."